पान दिसतं, आकडा येत नाही: वेबसाइट नेमकी कशासाठी थांबते?

मोबाईलवर एखादी लिंक उघडली की अनेकदा दोनपैकी एक गोष्ट होते. कधी पाच-सहा सेकंद स्क्रीन पांढरी राहते आणि मग सगळं पान एकदम समोर येतं. कधी वरची पट्टी, लोगो, मेनू लगेच दिसतात, पण ज्या आकड्यासाठी पान उघडलं त्याच्या जागी एक गोल चक्र फिरत बसतं. दोन्ही वेळा शिव्या नेटवर्कला पडतात. नेटवर्कचा दोष असतोही. पण बरेचदा हे थांबणं कुणीतरी ठरवलेलं असतं, किंवा कुणी ठरवलंच नाही म्हणून आपोआप घडलेलं असतं.

पानाला लागणारी माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या वेगाने येते. त्यातल्या कशासाठी पान अडवून धरायचं, काय मागाहून पाठवायचं आणि एखादी गोष्ट आलीच नाही तर तिच्या जागी काय लिहायचं, हा वेबसाइट बनवणाऱ्यांचा रोजचा प्रश्न आहे. त्याला 'असिंक्रोनस डेटा लोडिंग' असं जड नाव आहे. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात राहणाऱ्याला मात्र त्यातली कल्पना नवी नाही. इथले कारखाने हेच कोडं सीट, टायर आणि वायरिंग घेऊन रोज सोडवतात.

एका पानासाठी पाच ठिकाणी निरोप

समजा, चिखलीतल्या एका रहिवाशाने घरपट्टीचं पान उघडलं. (उदाहरण आणि त्यातले आकडे हिशेबापुरते घेतले आहेत.) पानावर पाच गोष्टी दिसायच्या आहेत: मिळकत कुणाच्या नावावर आहे, थकबाकी किती, मागच्या पावत्या, केलेल्या तक्रारींचं काय झालं, आणि ताज्या सूचना. बघणाऱ्याला हे एकच पान वाटतं. पडद्यामागे नावाची नोंद एका डेटाबेसमध्ये असते, थकबाकी कराच्या हिशेबाच्या सिस्टीममध्ये, पावत्या पैसे स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे, आणि तक्रारी कुठल्या तरी तिसऱ्याच सर्व्हरवर.

फोनवरून मागणी आली की सर्व्हर ही सगळी माहिती गोळा करतो, एचटीएमएलच्या साच्यात बसवतो आणि तयार पान पाठवून देतो. याला 'सर्व्हर रेंडरिंग' म्हणतात. नावाची नोंद यायला १०० मिलिसेकंद लागतात असं धरू. थकबाकीला ४००, पावत्यांना ६००, तक्रारींना १५०० आणि सूचनांना २००. सरळसोट लिहिलेला प्रोग्रॅम एक गोष्ट मागतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, मग दुसरी मागतो. एकूण २८०० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास तीन सेकंद. यातला बहुतेक वेळ सर्व्हर काही कामच करत नसतो, नुसती वाट बघत असतो.

आता नीट पाहिलं तर थकबाकी मागण्यासाठी आधी मिळकत कुठली ते पक्कं व्हावं लागतं, आणि ते पहिल्या नोंदीतून कळतं. तिथे थांबण्याला पर्याय नाही. पण पुढच्या चार गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. चारही निरोप एकदम धाडले, तर पहिल्या १०० मिलिसेकंदांनंतर फक्त सगळ्यात संथ उत्तरासाठी थांबावं लागतं, म्हणजे १५००. एकही नवीन मशीन विकत न घेता २८०० चे १६०० झाले.

जावास्क्रिप्ट या भाषेत यासाठी 'प्रॉमिस' नावाची सोय २०१५ च्या मानकात आली. प्रॉमिस म्हणजे एक चिठ्ठी: उत्तर आत्ता हातात नाही, पण ते येईल किंवा फसलं तर तसं कळवलं जाईल. २०१७ च्या मानकात त्यावर 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन शब्द आले. अवेट म्हणजे 'उत्तर येईपर्यंत इथे थांब'. त्यामुळे कोड वाचायला इतका सोपा झाला की एकाखाली एक पाच अवेट सहज लिहिले जातात, आणि प्रोग्रॅम पुन्हा त्याच जुन्या रांगेत जाऊन उभा राहतो. हिंजवडी असो वा तळवडे, संथ पानाचा कोड उघडला की आधी शोधायची गोष्ट हीच.

चिप नव्हती तेव्हा

गाडीच्या असेंब्ली लाइनवर हा फरक डोळ्यांनी दिसतो. बॉडीला रंग लागल्याशिवाय आत सीट बसवता येत नाही, तिथे क्रम आहेच. पण सीट बनवणारा व्हेंडर टायर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसत नाही. सीट, टायर, वायरिंगचा हार्नेस, काचा हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी तयार होत असतं आणि लाइनवर नेमक्या वेळेला पोहोचतं. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेली 'जस्ट इन टाइम' पद्धत जगभरच्या गाडी कारखान्यांनी उचलली. चाकणच्या रस्त्यांवर ट्रकची रांग हटत नाही, त्याचं एक कारण तेच. माल गोदामात कमी आणि रस्त्यावर जास्त असतो.

या पद्धतीची परीक्षा २०२१ मध्ये झाली. जगभर सेमीकंडक्टर चिपची टंचाई आली. गाडीतले हजारो भाग हजर, पण नखाएवढी चिप नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्राने जाहीर केलं की त्या महिन्यात आपल्या वाहन कारखान्यांत साधारण सात दिवस उत्पादन होणार नाही आणि एकूण उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी घटेल. चाकणमध्ये बनणारी एक्सयूव्ही ७०० नुकतीच लोकांसमोर आली होती, त्याच दिवसांतली ही गोष्ट. अमेरिकेत फोर्डने त्याच वर्षी मार्चमध्ये दुसरा मार्ग घेतला: एफ-१५० ट्रक काही चिप न बसवता बांधायचे आणि चिप येईपर्यंत आवारात उभे करून ठेवायचे. टोयोटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानमध्ये तिसराच उपाय केला. गाडीसोबत दोन स्मार्ट चाव्या देण्याऐवजी एक स्मार्ट आणि एक साधी चावी देऊन गाडी ग्राहकाच्या हवाली केली. दुसरी स्मार्ट चावी मागाहून.

वेबपानाचे तीन प्रकार हेच आहेत. पाच माहित्या एकामागून एक मागणारा प्रोग्रॅम म्हणजे एका भागासाठी बंद पडलेली लाइन. चार निरोप एकदम पाठवून शेवटचं उत्तर येईपर्यंत पान सर्व्हरवरच दाबून ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे आवारात उभे असलेले ट्रक. घरपट्टीचं पान ५०० मिलिसेकंदांनाच तयार झालेलं आहे, नाव आणि थकबाकी दोन्ही आलेलं आहे. पण तक्रारींची यादी यायची आहे म्हणून ते पुढचे ११०० मिलिसेकंद सर्व्हरच्या मेमरीत पडून राहतं. घरपट्टी भरायला आलेल्या माणसाला तक्रारींची यादी हवी तरी कशाला? ती त्याची दुसरी चावी आहे.

अर्धं पान आधी पाठवायचं कसं?

एक मागणी, एक उत्तर असा वेबचा नियम. मग उत्तर अर्धं कसं पाठवणार? याची तरतूद फार जुनी आहे. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चे नियम लिहिले गेले, त्यातच उत्तर तुकड्यांनी पाठवायची सोय होती. एकूण किती माल आहे ते आधी न सांगता, तयार होईल तसा तुकडा पाठवत राहायचा आणि शेवटी 'संपलं' असा इशारा द्यायचा. ब्राउझरही हातात आलेला भाग लगेच दाखवू शकतो.

या सोयीचा मोठा उपयोग ज्याच्यामुळे गाजला ती वेबसाइट सगळ्यांच्या ओळखीची आहे. फेसबुकने जून २०१० मध्ये 'बिगपाइप' नावाची आपली पद्धत जाहीर केली. पानाचे छोटे तुकडे पाडायचे, आधी रिकामा सांगाडा पाठवायचा, आणि प्रत्येक तुकडा सर्व्हरवर तयार झाला की त्याच उत्तराच्या मागोमाग सोडायचा. मित्रांची यादी तयार नसली म्हणून फीड अडायची नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्ट १८ या आवृत्तीने हाच विचार सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हाती दिला. संथ भागाभोवती 'सस्पेन्स' नावाचं कुंपण घालायचं. कुंपणाबाहेरचं पान लगेच जातं, आत तात्पुरती राखाडी पट्टी दिसते, आणि माहिती आली की खरा मजकूर मागून येऊन त्या पट्टीची जागा घेतो. वेगळी मागणी करावी लागत नाही.

हे वाचायला सोपं वाटतं, पण त्यात एक अडचण आहे. प्रत्येक उत्तराच्या अगदी सुरुवातीला सर्व्हर एक आकडा पाठवतो. २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे असं पान नाही, ५०० म्हणजे सर्व्हरवर गडबड. पहिला तुकडा गेला की तो आकडाही गेला. नंतर डेटाबेस कोसळला तरी '२०० ठीक' परत घेता येत नाही, की माणसाला लॉगिनच्या पानाकडे पाठवता येत नाही. कंपनीच्या गेटमधून गाडी बाहेर पडल्यावर चलन बदलता येत नाही, तसंच. म्हणून कोण आलंय, त्याला हे बघायचा अधिकार आहे का, मिळकत क्रमांक खरा आहे का, एवढं तपासून होईपर्यंत काहीच पाठवायचं नसतं. इथली वाट बघणं सक्तीचंच आहे. वेगाच्या नादात हे विसरलेली पानं आधी आतला सांगाडा दाखवतात आणि मग 'कृपया लॉगिन करा' म्हणतात.

दुसरी अडचण ऐकून हसू येईल. बऱ्याच ठिकाणी मूळ सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्ससारखा एक मध्यस्थ सर्व्हर असतो. तो आपली सोय म्हणून आलेले तुकडे आधी स्वतःकडे साठवतो आणि मग पुढे देतो. मागे इंजिनिअरने तुकडे पाडायला आठवडा घालवलेला असतो, आणि पुढे हा सगळे तुकडे गोळा करून एकगठ्ठा पाठवतो.

व्हॉट्सॲपवर लिंकचा फोटो का येत नाही?

मग सगळं काम फोनवरच का करू नये, असा प्रश्न पडेल. काही वर्षं जगाने तेच केलं. मार्च १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान न बदलता मागून माहिती आणायची सोय आली होती. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स यांनी तिचं बळ दाखवलं. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी तिला 'एजॅक्स' हे नाव दिलं. पुढच्या दशकात टोकाला जाऊन सर्व्हरने जवळजवळ रिकामं पान आणि जावास्क्रिप्टची मोठी फाइल पाठवायची, बाकी सगळं फोनने बघून घ्यायचं, अशी रीत पडली.

तिची किंमत दोन ठिकाणी कळते. पहिली, फेऱ्यांची. आधी पान येतं, मग जावास्क्रिप्ट, मग ती माहिती मागते, त्या उत्तरावरून आणखी माहिती मागते. प्रत्येक फेरी मोबाईल टॉवरमार्गे. एकाच डेटा सेंटरमधल्या दोन सर्व्हरमधली फेरी एखाद-दोन मिलिसेकंदांत होते, फोनपासूनची फेरी त्याच्या कित्येक पट घेते. शिफ्ट सुटायच्या वेळी एकाच टॉवरवर हजारो फोन आले की त्याहून जास्त. चार फेऱ्या सर्व्हरवर केल्या तर जाणवतही नाहीत, फोनवरून केल्या तर बसस्टॉपवर उभ्या माणसाची बस निघून जाते.

दुसरी किंमत सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहे. व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर लिंक टाकली की खाली फोटो, मथळा आणि दोन ओळी येतात. काही लिंकना मात्र काहीच येत नाही, किंवा प्रत्येक बातमीला तोच एक लोगो येतो. ही झलक बनवताना सर्व्हरने पाठवलेल्या एचटीएमएलमधल्या ठरावीक ओळी वाचल्या जातात, पानातली जावास्क्रिप्ट चालवून बघितली जात नाही. मथळा आणि फोटो मागाहून येणार असतील तर झलक बनते तेव्हा पान रिकामंच असतं. म्हणजे मथळा, फोटो, सारांश या गोष्टी 'नंतर पाठवू' या यादीत कधीच टाकायच्या नसतात, कितीही संथ असल्या तरी.

एका मिनिटात २५,००० लोक

३० जुलै २०२२ रोजी सकाळी ११ वाजता महिंद्राने चाकणमध्ये बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग सुरू केलं. पहिल्या मिनिटात २५,००० आणि अर्ध्या तासाच्या आत एक लाखाहून अधिक बुकिंग झाल्याचं कंपनीने सांगितलं. बुकिंगची रक्कम २१,००० रुपये होती आणि सुरुवातीची किंमत पहिल्या २५,००० जणांनाच मिळणार होती. म्हणजे सेकंद मोजूनच रांग लागलेली. मिनिटाला २५,००० म्हणजे सेकंदाला चारशेहून जास्त बुकिंग, आणि हे फक्त यशस्वी झालेले. नुसतं पान उघडून बघणारे वेगळेच.

अशा सकाळी कोणत्याही कंपनीच्या पानापुढे काय वाढून ठेवलेलं असतं त्याचा हिशेब करता येतो. समजा एक सर्व्हर एका वेळी २०० मागण्या हाताळतो आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला ४०० माणसं. आता पानावरचा एक किरकोळ भाग, समजा जवळच्या शोरूमची यादी, ३० सेकंद उत्तरच देत नाहीये, आणि सर्व्हर निष्ठेने त्याच्यासाठी थांबतोय. मग २०० जागा ३० सेकंद अडकल्या. सेकंदाला सातपेक्षाही कमी माणसं पुढे सरकणार. बुकिंगची यंत्रणा ठणठणीत आहे, पैसे घेणारी ठणठणीत आहे, आणि वेबसाइट बंद पडली. तळेगाव चौकात आडवा झालेला एक कंटेनर पुणे-नाशिक रस्ता बंद करतो, तेव्हा बाकीच्या गाड्यांत काही बिघाड नसतो.

यावरचा उपाय निर्दयी आहे आणि तोच बरोबर आहे. प्रत्येक मागणीला मुदत घालायची. शोरूमची यादी ८०० मिलिसेकंदांत आली तर ठीक, नाहीतर ती सोडून पान पुढे. मुदत न घातलेली मागणी ही संथपणाची नाही तर अपघाताची तयारी असते. त्यात बघणारा माणूस वैतागून पान रिफ्रेश करतो, म्हणजे अडकलेली मागणी आतच राहते आणि तिच्या मागे आणखी एक येऊन उभी राहते.

आणि जे सगळ्यांना सारखं आहे ते पुन्हा पुन्हा मागायचंच नाही. गाडीचे फोटो, रंग, इंजिनची माहिती एकदा तयार करून ठेवायची आणि सगळ्यांना तीच प्रत द्यायची. रांगेतला क्रमांक, बाकी रक्कम, नाव यांची प्रत मात्र कधी ठेवायची नाही.

दुसऱ्याचं उत्तर आपल्याला मिळालं तर?

वाट बघणं रद्द करण्यातही धोका असतो. त्याचा धडा २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीवर मिळाला. काही लोकांना आपल्या खात्यात दुसऱ्यांच्या संभाषणांचे मथळे दिसू लागले आणि सेवा काही काळ बंद करावी लागली. ओपनएआयने नंतर कारण सांगितलं. माहिती पटकन मिळावी म्हणून वापरल्या जाणाऱ्या रेडिस या साठ्याशी त्यांचे सर्व्हर असिंक्रोनस पद्धतीने बोलत होते, आणि त्यासाठी वापरलेल्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. निरोप गेला, पण उत्तर परत यायच्या आत ती मागणी रद्द झाली, तर उत्तर त्या तारेवर तसंच पडून राही. पुढच्या माणसाचा निरोप त्याच तारेवरून गेला की त्याला आधीच्याचं उत्तर मिळे. मेडिकलच्या काउंटरवर एकजण चिठ्ठी देऊन निघून गेला आणि त्याची औषधं मागच्या माणसाच्या हातात पडली, असं. त्या दिवशी ठरावीक नऊ तासांत सक्रिय असलेल्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांपैकी १.२ टक्के लोकांची पैसे भरण्याशी संबंधित काही माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. कार्डाचा संपूर्ण नंबर त्यात नव्हता.

इथे पान संथ नव्हतं, उलट वेगवान होतं. उत्तर वेळेत आलं, फक्त चुकीच्या माणसाकडे.

थकबाकी: ० रुपये

पण रोजच्या वापरात माणसाला जास्त फसवणारी गोष्ट याहून साधी आहे. माहिती यायची असते तोवर त्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. प्रोग्रॅममध्ये आकड्याची सुरुवातीची किंमत शून्य ठेवायची सवय असते. मग थकबाकी यायच्या आधी क्षणभर 'थकबाकी: ० रुपये' असं दिसतं आणि लगेच बदलतं. माहिती आलीच नाही, तर ते शून्य तसंच राहतं. पान पूर्ण लोड झाल्यासारखं दिसतं, चक्र फिरत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही. माणूस समाधानाने फोन खिशात ठेवतो आणि दोन महिन्यांनी दंडासकट नोटीस येते. कंत्राटी कामगाराने पीएफची शिल्लक बघितली आणि तिथे असंच शून्य दिसलं, तर तो ठेकेदाराशी भांडायला जाईल. त्याने पैसे भरलेले असतानाही.

यायचं आहे, काही नाही, आणि आणता आलं नाही, या तीन वेगळ्या अवस्था आहेत. तिन्हींना वेगळे शब्द लागतात. 'तुमच्या नावावर एकही तक्रार नोंदलेली नाही' आणि 'तक्रारींची यादी आत्ता मिळू शकली नाही, थोड्या वेळाने पाहा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चकचकीत राखाडी पट्ट्या आणि मनमोहक ॲनिमेशनवर महिना घालवणारे लोक ही दुसरी ओळ लिहायला मात्र विसरतात. ती लिहायला पाच मिनिटं लागतात.

मागून येणारा मजकूर आणखी एक खोड करतो. तो वर येऊन बसला की खालचं सगळं खाली ढकललं जातं. 'पैसे भरा' दाबायला बोट खाली येतं आणि त्या क्षणी तिथे जाहिरात आलेली असते. गूगल हे सरकणं मोजतं आणि ०.१ पेक्षा कमी असलं तरच चांगलं मानतं. उपाय इतकाच की येणाऱ्या मजकुरासाठी तेवढी उंची आधीच राखून ठेवायची. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तशी.

सर्व्हरने बनवलेलं पान फोनवर पोहोचल्यानंतरही थोडा वेळ ते नुसतं चित्र असतं. बटण दिसतं, पण त्याला जिवंत करणारी जावास्क्रिप्ट अजून उतरत असते. स्वस्त फोनवर हा काळ लांबतो. बटण दाबून काही झालं नाही की माणूस पुन्हा दाबतो, मग तिसऱ्यांदा, आणि जावास्क्रिप्ट जागी झाल्यावर तिन्ही दाबणं एकदम मोजलं गेलं तर पैसे तीनदा कापायची वेळ येते. म्हणून नीट बांधलेल्या यंत्रणेत प्रत्येक व्यवहाराला आधीच एक खूण दिलेली असते. त्याच खुणेची मागणी कितीदा आली तरी सर्व्हर पैसे एकदाच घेतो.

याच क्षणी फोन सर्व्हरच्या पानाची स्वतःच्या हिशेबाशी जुळणी करतो, आणि तिथे घड्याळाची गंमत होते. बरेचसे सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारत साडेपाच तास पुढे आहे. समजा घरपट्टीच्या सवलतीची शेवटची तारीख ३० जून आहे. १ जुलैच्या पहाटे दोन वाजता, थर्ड शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत कुणी पान उघडलं, तर सर्व्हरच्या मते अजून ३० जूनची रात्र साडेआठ वाजलेली आहे. पानावर सवलतीची रक्कम छापून येते. फोनवरचा प्रोग्रॅम जागा होतो, भारतीय तारीख बघतो आणि रक्कम वाढवतो. डोळ्यांदेखत आकडा बदलला. तारीख कुठली धरायची हे एकाच ठिकाणी, सर्व्हरवर आणि भारतीय वेळेनेच ठरवलं, तर हा घोळ होत नाही.

आपल्या फोनवर यातलं काय चाललंय ते थोडंफार ओळखता येतं. सगळं पान उशिरा पण एकदम आलं, तर सर्व्हर कशासाठी तरी थांबला असण्याची शक्यता जास्त. सांगाडा लगेच आणि आकडा उशिरा, तर तो भाग मागाहून येतोय. पैशांच्या पानावर अनपेक्षित शून्य दिसलं तर एकदा पान पुन्हा उघडून बघावं, आणि त्याच शून्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायच्या आधी तर नक्कीच. पैसे भरताना चक्र फिरत राहिलं तर बटण पुन्हा न दाबता आधी बँकेचा मेसेज आणि पानावरचा व्यवहाराचा इतिहास पाहावा. त्या चक्रामागे पैसे आधीच गेलेले असू शकतात, फक्त ते गेल्याचं उत्तर अजून वाटेत असतं.